जुन्या गाडीचा डेल्को, कॉइल, मॅग्नेटो: ओरिजिनल कुठलं ते कसं ओळखायचं

जुनी गाडी वाड्यातून नाहीतर गोडाऊनमधून बाहेर निघते तेव्हा तिच्याबरोबर एक डबा हमखास येतो. आमच्या फोर्डबरोबर बिस्किटाचा गंजलेला पत्र्याचा डबा आला, आत दोन रोटर, एक तडकलेली कॅप, कापसात गुंडाळलेले पॉइंट, अंगठ्यापेक्षा जाड चार प्लग आणि चार वाकड्या पितळी पट्ट्या. गाडी १९३० ची मॉडेल ए, माझ्या आत्याच्या सासरची, बडोद्यात दांडिया बाजारातल्या वाड्यात मागच्या बाजूला वर्षानुवर्षं उभी होती. आतेभाऊ म्हणाला दादा हे भंगारात टाकू का, आणि मी टाक म्हणणारच होतो कारण गाडीवर कॅप होती, प्लग होते, वायरी होत्या, सगळं जागच्या जागी दिसत होतं. आमच्या मिस्त्रीकाकांनी त्या पट्ट्या हातात घेतल्या, गाडीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या वायरींकडे बघितलं आणि म्हणाले, अरे या गाडीला प्लगच्या वायरी नसतातच, या पट्ट्याच करंट नेतात. खरंच तसं आहे. मॉडेल ए चा डेल्को (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) इंजिनच्या डोक्यावर मधोमध बसतो आणि कॅपपासून चार पितळी पट्ट्या थेट चार प्लगांवर जातात, जाड वायर एकच, कॉइलकडून, म्हणजे बॅटरीचा करंट ठिणगी पडण्याइतका वाढवणाऱ्या भागाकडून येणारी. म्हणजे खरा माल डब्यात होता आणि गाडीवर होतं ते कोणीतरी मधल्या काळात गाडी चालू ठेवायला केलेलं काम.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मोठा शो झाला, त्यानंतर माझ्या ओळखीत तिघाचौघांनी घरातल्या झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर काढल्या. बॉडी, पेंट, सीट यासाठी माणसं मिळतात, पण डेल्को-कॉइल-प्लग यातलं खरं कुठलं आणि नंतर बसवलेलं कुठलं हे विचारायला सगळे माझ्याकडे येतात, म्हणून मला जेवढं नक्की माहीत आहे ते एकदा सगळं लिहून टाकतो. (ज्यांना डेल्को शब्द नवीन असेल त्यांच्यासाठी, डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर; कॅप हे त्याचं झाकण, रोटर आत फिरणारा तुकडा, आणि पॉइंट म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे ठिपके. डेल्को ही अमेरिकेतली कंपनी, कॅडिलॅकसाठी बॅटरी-कॉइलचं इग्निशन आणि मग १९१२ चा सेल्फ स्टार्टर त्यांनीच केला, आणि आपल्याकडे गॅरेजमध्ये तिचं नाव त्या भागालाच चिकटलं, मग तो इंग्लिश लुकासचा असो की इटालियन मारेल्लीचा.)

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ओरिजिनल हा एकच शब्द आपण चार वेगवेगळ्या वस्तूंना लावतो. कारखान्यातून त्याच गाडीवर आलेला पार्ट, त्याच काळातला त्याच मेकचा पण दुसऱ्या गाडीचा पार्ट, पंधरा-वीस वर्षांनी कंपनीनेच बदली म्हणून दिलेला पार्ट, आणि आत्ता नवीन बनवलेली नक्कल. चौथ्यात काही वाईट नाही, माझ्या गाडीवर पण आहेत, फक्त तिला पहिल्याचं नाव लावून विकलं की वाईट. आणि विकणारा तुम्हाला नाव दाखवतो, बघा लुकास लिहिलंय, बघा बॉश लिहिलंय. नाव कोरता येतं, डबा छापता येतो. पार्ट कशाचा बनलाय ते मात्र सहज लपत नाही, म्हणून मी आधी माल बघतो आणि मग नाव.

गाडीवरून काहीही काढायच्या आधी फोटो काढा, हे सगळेच सांगतात, पण फोटो फक्त पार्टचा नको, पार्टच्या मागच्या जागेचा हवा. कॉइल जिथे बसलीय त्या पत्र्यावर जुन्या क्लॅम्पचा ठसा असतो. क्लॅम्पच्या खाली कारखान्याचा रंग टिकून राहतो आणि बाजूचा उन्हा-तेलाने उतरलेला असतो, त्यामुळे कॉइल काढली की पत्र्यावर पहिल्या कॉइलची सावली दिसते, लांबी-रुंदीसकट. आत्ताची कॉइल त्या सावलीत नीट बसत नसेल, किंवा शेजारी दोन रिकामी भोकं असतील आणि ती भोकं कडेला खरखरीत असतील, म्हणजे हातड्रिलने मारलेली असतील, तर ही कॉइल नंतरची. कारखान्यातलं भोक पंच केलेलं असतं, कड गोल आणि साफ, आणि त्याच्या आतल्या काठावरही जुना रंग असतो. नंतर मारलेल्या भोकाच्या काठाला रंग नसतो, गंज असतो. टॉर्च आणि चष्मा घेऊन अर्धा तास नुसतं बघत बसा, त्या अर्ध्या तासात जे कळतं ते नंतर सगळं खोलून धुतल्यावर कळत नाही.

आता माल.

१९५० च्या आधीच्या बहुतेक कॅप आणि रोटर बॅकेलाइटचे, म्हणजे सुरुवातीच्या कडक प्लास्टिकचे. बॅकेलाइट १९०७ मध्ये निघालं, त्यामुळे त्याच्या आधीच्या किंवा त्याच सुमाराच्या गाडीवर असेल तर अर्थातच नंतरचं. ओळखायची पद्धत सोपी आहे, अंगठ्याने एकाच जागी जोरात घासा, अंगठा चांगला गरम होईपर्यंत, आणि लगेच वास घ्या. कार्बोलिक साबणासारखा, जुना इलेक्ट्रिकचा स्विच तापल्यावर येतो तसा वास आला तर बॅकेलाइट. वजनही लागतं हाताला, आणि नखाने टकटक केलं तर आवाज घट्ट येतो, आजच्या प्लास्टिकसारखा पोकळ येत नाही.

त्याहून जुन्या मॅग्नेटोंवर (मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय, चुंबकाने स्वतःच ठिणगीचा करंट बनवणारं यंत्र) एबोनाइट असतं, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. घासल्यावर वास गंधकाचा, दिवाळीत फटाक्यांच्या पिशवीत तोंड घातल्यासारखा. एबोनाइट मुळात काळंभोर, पण उन्हात आणि हवेत वर्षं गेली की वरून हिरवट-तपकिरी होतं. तो रंग म्हातारपणाची खूण आहे, नवीन नकलेवर मिळत नाही. आणि इथे माझ्या हातून झालेलं नुकसान सांगतो म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. एका मित्राच्या इंग्लिश गाडीचा मॅग्नेटो माझ्याकडे होता, त्याचं डिस्ट्रिब्युटरचं झाकण एबोनाइटचं, तेलाने माखलेलं पण रंग अजून बराचसा काळा टिकलेला. मी ते गरम पाण्यात सोडा घालून बुडवलं. पाच मिनिटांत पाण्याला गंधकाचा वास सुटला आणि झाकण बाहेर काढलं तर मळकट खाकी झालेलं. तो रंग परत येत नाही, वरून घासून पॉलिश केलं तर बारीक अक्षरं निघून जातात. तेव्हापासून एबोनाइटला मी फक्त कोरडं मऊ कापड आणि फारच झालं तर थंड पाण्याचा ओलसर हात लावतो, घासलेट नाही, पेट्रोल नाही, गरम पाणी तर अजिबात नाही. गरम सुई टोचून बघायची टेस्टही कोणी कोणी सांगतं, ती खऱ्या पार्टवर करू नका, कायमचं भोक पडतं.

कॅपच्या आतल्या चार टोकांकडे बघा. चांगल्या जुन्या कॅपमध्ये ती पितळेची असतात, स्वस्त नंतरच्या मालात ॲल्युमिनियमची. चुंबक दोघांनाही चिकटत नाही त्यामुळे चुंबकाचा उपयोग नाही, डिसमिसच्या टोकाने न दिसणाऱ्या जागी किंचित खरवडा, पिवळं निघालं तर पितळ, पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. कॅपवरची अक्षरं बोटाने चाचपा, खऱ्या साच्यातली अक्षरं काठाला धारदार लागतात, जुन्या कॅपवरून साचा काढून केलेल्या नकलेची अक्षरं साबण वापरून झिजावा तशी गुळगुळीत असतात.

रोटरचं एक वेगळं सांगायला हवं कारण त्यात गाडी रस्त्यात बंद पडते. लुकासच्या काही डेल्कोंसाठी जे नवीन नकली रोटर मिळतात त्यात वरची पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि तो रिव्हेट इतका खोल जातो की रोटरच्या आतून शाफ्टपर्यंत जेमतेम पापुद्रा उरतो. मग एक दिवस गरम झाल्यावर करंट प्लगकडे न जाता सरळ शाफ्टमध्ये उतरतो आणि गाडी ठप्प, आणि कारण दिसत नाही. जुन्या चांगल्या रोटरची पट्टी रिव्हेटशिवाय साच्यातच बसवलेली असते. डब्यात जुना रोटर असेल आणि तडा नसेल तर तो नवीनपेक्षा जास्त जपा.

इन्सुलेशनचे बारीक वॉशर, पट्ट्या, कंडेन्सरखालचा (कंडेन्सर म्हणजे पॉइंटवरची ठिणगी आवरणारी छोटी डबी) तुकडा हे बघायला फार कोणी थांबत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. जुन्या परदेशी पार्टमध्ये तिथे लालसर किंवा करडा फायबर असतो, दाबलेल्या कागदासारखा, कडेने बघितलं तर थर दिसतात. नाहीतर अभ्रक असतं. तिथे जर गुळगुळीत तपकिरी हायलम शीटचा (राळेत दाबून कडक केलेल्या थरांच्या पाटीचा) कापलेला तुकडा दिसला तर बहुधा हे काम आपल्याकडे झालंय, कुठल्यातरी वाइंडिंगवाल्याने हातकरवतीने कापून बसवलंय. कॉइल किंवा मॅग्नेटोच्या आर्मेचरचंही (आत फिरणाऱ्या, तार गुंडाळलेल्या भागाचंही) तसंच. जुन्या वाइंडिंगवर रेशीम किंवा सुती धाग्याचं आवरण आणि लाखेचं वार्निश असतं, मधाच्या रंगाचं. चकचकीत लालसर इनॅमल वायर दिसली तर रिवाइंड झालेलं असू शकतं. त्यात पार्ट खोटा ठरत नाही, बाहेरची बॉडी खरी असू शकते आणि आतलं वाइंडिंग नवीन. पण लिहून ठेवा.

आता धातू. मॅग्नेटोचा किंवा डेल्कोचा सांगाडा कधीकधी जस्ताच्या मिश्रधातूचा ओतलेला असतो, आणि जुन्या ओतकामात शिसं थोडं जरी मिसळलेलं असेल तर तो धातू आतून फुगतो, मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात, आणि शेवटी हातात तुकडे येतात. शुद्ध जस्ताचा मिश्रधातू १९२९ मध्ये अमेरिकेत निघाला तेव्हा हा त्रास कमी झाला. म्हणजे भेगाळलेली, फुगलेली बॉडी दिसली की विकणारा घासाघीस न करता भाव कमी करतो, पण तुम्हाला कळायला हवं की माल जुना असण्याची ती खूण असली तरी हा पार्ट गाडीवर चालणार नाही. शोकेसमध्ये ठेवायला घ्या, चालवायला घेऊ नका.

चकाकीवरूनही कळतं. १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत निकेल, नंतर क्रोम. निकेल किंचित पिवळसर, ऊबदार दिसतं, क्रोम निळसर आणि थंड. उन्हात स्टीलचा चमचा आणि जुना निकेलचा तांब्या शेजारी धरून बघा, एकदा डोळ्याला फरक कळला की कायमचा कळतो. १९२४ च्या गाडीच्या मॅग्नेटोचे क्लिप क्रोमने लखलखत असतील तर कोणीतरी नंतर करून घेतलेत.

आणि स्क्रू, माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. अधिकाच्या खुणेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू गाड्यांमध्ये १९३० च्या दशकाच्या दुसऱ्या अर्ध्यात आला, त्याच्या आधीच्या डेल्कोवर तो असला तर नंतर बसवलेला. त्याच अधिकाच्या चार कोपऱ्यांत आणखी चार बारीक रेघा असतील तर तो पोझिड्राइव्ह, तो तर १९६० च्या दशकातला. इंग्लिश गाड्यांच्या इलेक्ट्रिक सामानात बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे असतात, त्यात २बीए सुमारे ४.७ मिलिमीटरचा, ४बीए ३.६ चा. आपल्याकडे काय झालं की २बीए चा स्क्रू हरवला की मिस्त्रीने ५ मिलिमीटरचा दाबून बसवला आणि भोकाचे आटे खाल्ले. त्यामुळे जुन्या स्क्रूची खोबण थोडी झिजलेली असली तरी तो फेकू नका, ५ चा दाबू नका, बीए चे स्क्रू आणि टॅप अजून मिळतात. अमेरिकन गाडीचे आटे इंची, बीए नाहीत, आणि जर्मन-फ्रेंच-इटालियन गाडीत मेट्रिक. एकाच डेल्कोत दोन प्रकारचे आटे निघाले तर दोन डेल्कोंचा एक केलेला असू शकतो. सोनेरी-इंद्रधनुषी चमक असलेले स्क्रू दिसले, हार्डवेअरच्या दुकानात पाकिटात मिळतात तसे, तर ते बहुधा नंतरचे, तिथे थांबून विचार करा.

नाव आणि नंबर आता बघू. लुकासच्या डेल्कोच्या बॉडीवर मॉडेल, पाच आकडी नंबर आणि महिना-वर्ष ठोकलेलं असतं, उदाहरणार्थ डीएम२ नाहीतर २५डी४, शेवटचा ४ म्हणजे चार सिलिंडर. वर्ष गाडीच्या वर्षाच्या आधीचं किंवा त्याच वर्षाचं हवं, नंतरचं असेल तर बदललेला. ठोकलेल्या आकड्यावर रंगाचा किंवा तेलाचा कडक थर असतो, तो घासू नका, आधी तिरका टॉर्च मारून फोटो काढा, आकडे वाचता येतात. लुकासच्या कॉइलवर खूप चांगली खूण असते. जुन्या कॉइलवर दोन स्क्रूपाशी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असतं, एक स्विचकडे आणि एक कॉन्टॅक्ट ब्रेकरकडे, कारण तेव्हा इंग्लिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असायचं, म्हणजे प्लस अर्थ (अर्थिंग). १९६० च्या दशकात मायनस अर्थ झाला तेव्हा कॉइलवर प्लस-मायनस लिहायला लागले. म्हणजे १९४८ च्या मॉरिसवर प्लस-मायनसवाली कॉइल असेल तर ती नंतरची, कितीही धूळ बसलेली असो. मी एका दुसऱ्या शहरातल्या दुकानातून जुनी न वापरलेली म्हणून कॉइल मागवली, जुनं खोकं, मेणकागद, सगळं छान, पण खोक्यावर प्लस अर्थच्या गाड्यांची नावं आणि आतल्या कॉइलवर प्लस-मायनस. परत पाठवायला सांगितलं तर म्हणाले विकलेला माल परत नाही. पैसे गेले, पण तेव्हापासून खोकं आणि माल वेगवेगळे वाचायची सवय लागली.

कॉइल ६ व्होल्टची आहे का १२ ची हे लिहिलेलं पुसलं असेल तर मल्टिमीटरने दोन छोट्या टर्मिनलमध्ये रेझिस्टन्स बघा. ६ व्होल्टची साधारण १ ते १.५ ओम, १२ ची ३ ते ४ ओम. एक अडचण आहे, बॅलास्टवाली (बाहेरून वेगळा रेझिस्टर जोडावा लागणारी) नंतरची १२ ची कॉइलही १.५ च्या आसपास दाखवते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, बॉडी आणि टर्मिनलही बघा.

देशाचं नाव पण कामाचं. बॉशच्या पार्टवर पश्चिम जर्मनी असेल तर तो १९४९ नंतरचा, यात काही वाद नाही. बॉशचा गोलातल्या आर्मेचरचा लोगो १९१८ चा, त्याच्या आधीच्या मॅग्नेटोवर तो नसायला हवा. आपल्याकडच्या कंपन्यांत लुकास-टीव्हीएस १९६१ ला सुरू झाली, मायको १९५१ ला, म्हणून १९३८ च्या गाडीत मायकोचे प्लग असतील तर मालकाने मधे बदललेत, साहजिकच आहे, प्लग कोणी तीस वर्षं वापरत नाही. आणि एक उलटी चूकही होते. फोर्डच्या मॉडेल ए हिंदुस्थानात कॅनडाहून यायच्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे एखाद्या पार्टवर मेड इन कॅनडा दिसलं म्हणून तो नकली म्हणणारे मी पाहिलेत. आपल्या गाडीसाठी तर तोच जास्त खरा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला शिवडीत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, तेव्हा शेवरोलेची नुसती अमेरिकन यादी हातात धरून आपल्या गाडीला नापास करू नका. जुन्या शेवरोलेवर डेल्को-रेमी आणि डॉज-प्लिमथवर ऑटो-लाइट अशी जोडी साधारण असते, ऑटो-लाइटच्या अंगावर रिव्हेट केलेली छोटी पट्टी असते त्यावर नंबर, उदाहरणार्थ युद्धातल्या विलीज जीपचा आयजीसी ४७०५. ती पट्टी रंगवताना मिस्त्री रंगाने भरून टाकतात, थिनरचा कापूस हळूच फिरवा.

मॅग्नेटोबद्दल थोडं जास्त. बॉशचा हाय टेन्शन मॅग्नेटो १९०२ चा, आणि पुढे पंचवीस-तीस वर्षं बऱ्याच चांगल्या गाड्यांत मॅग्नेटो असायचा. डीयू४, डीयू६ असं लिहिलेलं असतं, शेवटचा आकडा सिलिंडरचा. बाजूला बाण असतो फिरण्याच्या दिशेचा, तुमचं इंजिन त्या दिशेला फिरवतं का ते बघा. लोकांना वाटतं मॅग्नेटो जागेवर बरोबर बसला म्हणजे तो त्याच गाडीचा, पण तसं नाही. त्या काळात बेसपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची ठरलेली होती, गाडीत सहसा ४५ मिलिमीटर, मोटरसायकलला ३५, त्यामुळे एका कंपनीचा मॅग्नेटो काढून दुसऱ्याचा आरामात बसायचा. बसतो हे पुराव्यात धरू नका. वय ओळखायला त्याची उंची आणि आकार बघा. आधीच्या मॅग्नेटोवर वरती घोड्याच्या नालासारखे मोठे लोहचुंबक कमान करून उभे असतात. १९३० च्या दशकात ॲल्निको नावाचा ताकदवान चुंबकाचा धातू निघाला, मग कमान गेली आणि चुंबक छोटे होऊन आत गेले. १९२२ च्या गाडीवर कमान नसलेला आटोपशीर मॅग्नेटो असेल तर तो बहुधा पुढच्या काळातला. आणि नालवाला मॅग्नेटो खोलायचा असेल तर आर्मेचर बाहेर ओढायच्या आधी चुंबकाच्या दोन पायांवर मऊ लोखंडाची पट्टी टाका, नाहीतर चुंबक उतरतो आणि मग तो भरून देणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

पॉइंटचे ठिपके खूप जुन्या मॅग्नेटोत प्लॅटिनमचे असतात, नंतर टंगस्टन. प्लॅटिनम पांढरट राहतं, टंगस्टन करडं पडतं. प्लॅटिनमच्या पॉइंटवर एमरी पेपर घासू नका, तो किमती धातू आहे, फक्त स्वच्छ कागदाची पट्टी ओढा.

प्लग आणि वायर. प्लगच्या आट्यावरून बरंच कळतं. फोर्डच्या मॉडेल टी ला अर्धा इंच पाइपचा आटा, मॉडेल ए ला ७/८ इंच, चॅम्पियन ३एक्स प्लग आणि गॅप ०.०३५ इंच. इतर जुन्या गाड्यांत १८ मिलिमीटर, आणि मग १४. मॉडेल ए च्या भोकात एक जाड बुश आणि त्यात १४ चा प्लग दिसला तर ॲडॅप्टर लावलाय, काढून ठेवा, भोक सहसा शाबूत असतं. जुने काही प्लग खोलता येतात, मधला नट सोडला की इन्सुलेटर वेगळा. केएलजी च्या जुन्या प्लगांत अभ्रकाचे पातळ चकत्यांसारखे थर दिसतात, आणि जगातलं चांगलं अभ्रक तेव्हा बरंचसं आपल्या झारखंडातल्या कोडरम्याहून जायचं, म्हणजे त्या इंग्लिश प्लगमधला मालही इथलाच असायची शक्यता. असा प्लग मिळाला तर पेटवून तपासू नका, ठेवा.

वायरीसाठी कपड्याच्या दुकानातली युक्ती. धागा सुती आहे की टेरिकॉट हे बघायला आपण काडीने जाळून बघतो ना, तसंच टोकाचा दोन मिलिमीटर धागा काढून, गाडीपासून आणि पेट्रोलपासून लांब, जाळा. सुती कागदासारखा जळतो आणि राख होते, नायलॉन वितळून मणी होतो. १९५० च्या दशकात पीव्हीसी वायर आली, त्याआधी रबरावर विणलेलं सुती कापड आणि लॅकर. आज जी नवीन कापडी वायर मिळते त्यात बरेचदा आत पीव्हीसी आणि वर पॉलिएस्टरची वीण असते, दिसायला छान असते आणि मी स्वतः वापरतो कारण जुनं रबर सुकून गळून पडतं आणि आग लागायची भीती. जाड प्लग वायर मीटरने मोजा, तांब्याची असेल तर जवळजवळ शून्य ओम, कार्बनच्या दोरीची असेल तर हजारांत. युद्धाआधीच्या गाडीला तांब्याची.

आता सगळ्यात कठीण ठिकाण, कंडेन्सर. इथे मी ओरिजिनलचा हट्ट सोडतो. जुना कंडेन्सर कागद आणि वर्खाचा, तो न वापरता खोक्यात ठेवला तरी म्हातारा होतो, त्यामुळे जुना न वापरलेला कंडेन्सर म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. मॉडेल ए मध्ये तर तो डेल्कोवरच, इंजिनच्या गरमीत बसतो. मी जुनी पत्र्याची डबी जपून उघडतो, आतलं काढतो आणि त्यात ०.२२ मायक्रोफॅरॅड, ६३० व्होल्टचा नवीन फिल्म कपॅसिटर बसवून झाकण परत सोल्डर करतो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत जाऊन एकदा इलेक्ट्रिकच्या माणसाशी बोललो तर त्याने कमी-जास्त गरमीचा कुठला घ्यायचा ते पण सांगितलं. बाहेरून १९३०, आतून आजचा, आणि त्या पार्टच्या नोंदीच्या कार्डावर तसं स्वच्छ लिहिलेलं. मॉडेल ए च्या पॉइंटचा गॅप ०.०१८ ते ०.०२२ इंच, फिलर गेजने, आणि हे करताना डॅशवरून डेल्कोकडे जाणारी धातूच्या कवचातली केबल तुटलेली नाही ना बघा. चावी फिरवली की स्विच बाहेर उडी मारतो आणि त्या केबलमधून पॉइंटला करंट जातो, बऱ्याच गाड्यांत ती कापून साधा टॉगल स्विच लावलाय. ती केबल परत मिळवणं शक्य असेल तर आधी तीच मिळवा, कॉइल नंतर.

गाडी जोडून झाली की कॉइलची पोलॅरिटी बघायला पेन्सिलचं शिसं प्लग आणि वायरच्या मधल्या फटीत इन्सुलेटेड पकडीने धरा, इंजिन चालू असताना. ठिणगीची पिवळी झाक शिशाच्या प्लगकडच्या बाजूला दिसली तर बरोबर, वायरकडे दिसली तर कॉइलच्या दोन छोट्या वायरी उलट. हात सुके हवेत आणि एकट्याने करू नका.

माल शोधायला आपल्याकडच्या ‘शुक्रवारी’ नावाच्या बाजारात फिरा, अहमदाबादच्या ‘रविवारी’ बाजारात फिरा, पण नुसतं हाताळायला, पहिल्या महिन्यात काही विकत घेऊ नका. वीस कॅप घासून वास घेतल्यावर एकविसावीला नाकच सांगतं. अहमदाबादजवळ कठवाड्याला ऑटो वर्ल्डमध्ये शंभराहून जास्त गाड्या एका ठिकाणी आहेत, तिथे जाऊन आपल्या गाडीच्या जोडीची गाडी शोधा आणि आकार, रंग, चकाकी डोळ्यात भरून घ्या.

कागदाचं पण सांगतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि दहा वर्षांची मुदत. चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल चालत नाही. डेल्को-कॉइलवरून कोणी अडवत नाही, पण मूळ स्वरूप म्हणताना आपल्याकडे नोंद असलेली चांगली.

ती नोंद मी अशी ठेवतो. प्रत्येक पार्टला जाड कागदाचं एक कार्ड, लग्नपत्रिकेच्या पाठीवर केलं तरी चालतं. वर पार्टचं नाव, कुठून आला, अंगावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं, माल कशाचा, स्क्रू कुठल्या आट्याचे, आणि खाली एका ओळीत मला तो ओरिजिनलच्या त्या चार प्रकारांपैकी कुठला वाटतो आणि का. काढलेला पार्ट, तुटका का असेना, सुती पुरचुंडीत बांधून कार्डाबरोबर डब्यात. आमच्या गाडीवर आता चार पितळी पट्ट्या आहेत, काळ्या प्लास्टिकच्या वायरी गुंडाळून त्याच बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात, आणि आतेभावाने त्यांच्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिहिलंय: साल माहीत नाही, गाडी बंद पडू नये म्हणून घरात कोणीतरी लावल्या, फेकायच्या नाहीत.